दारातला नमुना

पेंटरने ब्रश खाली ठेवून दोन वर्षं झाली होती, तरी गल्लीत त्याला सगळे पेंटरच म्हणत. बावीस वर्षं त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या. किराणा, सायकल दुरुस्ती, शिकवण्या, चष्मे, जे सांगाल ते. भिंतीवर सुताने दोन रेघा मारायच्या, खडूने अक्षरं टाकायची आणि मग श्वास रोखून ब्रश ओढायचा. अक्षराच्या बाबतीत तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे. गिऱ्हाईक म्हणालं, "जरा तिरकं काढा," की हा म्हणे, "तिरकं हवं तर पाटी तिरकी लावा." असा सगळा नमुना होता, आणि घरचे त्याला तसं तोंडावर म्हणतही.

मग फ्लेक्स आले. अर्ध्या तासात छापून मिळणारी पाटी, वर कोपऱ्यात मालकाचा हसरा फोटो. पेंटरच्या पोटावर पाय आला तो असा. त्यातही वरताण म्हणजे त्या भागातलं सगळ्यात जोरात चालणारं फ्लेक्सचं दुकान त्याच्या सख्ख्या मेहुण्याचं. मेहुणा स्वभावाने अगदी गरीब. दर महिन्याला घरी येऊन म्हणे, "भावोजी, या ना दुकानात. पंखा आहे, खुर्ची आहे, आपलंच दुकान आहे." तो वाईट माणूस असता तर पेंटरने दोन शब्द सुनावून विषय संपवला असता. इथे ते जमेना.

नाही म्हणायला काहीतरी कारण हवं, म्हणून पेंटरने मशीन आणलं. गाड्या धुण्याचा धंदा बंद केलेल्या एका ओळखीच्या माणसाकडे ते पडून होतं. जोराच्या पाण्याने डागाळलेले कोबे, पायऱ्या, गाड्या लावायच्या जागा धुवायच्या, असा नवा धंदा त्याने डोक्यात पक्का केला आणि बायकोला सांगितला. ती घरी कपडे शिवत असे आणि सध्या घर तिच्या शिलाई मशीनवरच चाललं होतं. तिने पाय थांबवून सगळं ऐकून घेतलं.

"या महिन्याची अखेर," ती म्हणाली. "तोवर वर्षभराचं असं एक तरी काम मिळालं तर ठीक. नाहीतर एक तारखेपासून तुम्ही माझ्या भावाच्या दुकानात बसायचं. कबूल?"

"कबूल," पेंटर म्हणाला. दुसरं काही म्हणण्यासारखी त्याची परिस्थितीही नव्हती.

मशीनबरोबर चार रंगांची चार नोझल होती. पांढऱ्यातून पाणी पंख्यासारखं पसरून येई, हिरव्यातून त्याहून कमी, पिवळ्यातून अरुंद, आणि लालमधून सुतासारखी एकच बारीक धार. मशीन देणाऱ्याने बजावलं होतं, "लालला हात लावू नका." का लावू नये ते सांगितलं नव्हतं, आणि कारण न सांगितलेली गोष्ट पेंटरच्या डोक्यात टिकत नसे. पहिला प्रयोग त्याने स्वतःच्याच जिन्यावर केला. पायऱ्यांवर गादीच्या कापडासारखे पट्टे उमटले आणि शेजारच्या काकूंच्या दाराचा रंग पापुद्र्यापापुद्र्याने निघाला. दार त्याने रंगवून दिलं, पूर्वीपेक्षा चांगलं. काकू म्हणाल्या, "हाच धंदा का नाही करत तुम्ही?"

पण हात बसत गेला. पाण्याची बंदूक जमिनीपासून वीतभर अंतरावर धरायची, एका पट्ट्यावर दुसरा पट्टा थोडा चढवायचा, तेलाच्या डागावर आधी साबण टाकून तो मुरू द्यायचा, पाणी उताराकडे ढकलत न्यायचं. दोन दुकानांच्या पायऱ्या झाल्या, एक गॅरेज झालं. सगळी एकेकदाची कामं होती. महिना सरत आला आणि मेहुणा पुन्हा एकदा येऊन, खुर्ची नवीन घेतल्याचं सांगून गेला.

शेवटच्या आठवड्यात दाताच्या डॉक्टरीणबाईंचा निरोप आला. खाली दवाखाना, वर त्यांचं घर, पुढे मोठं अंगण. अंगणातल्या कोब्यावर गाड्यांच्या तेलाचे काळे डाग, नळाखाली हिरवं शेवाळ आणि बाकी सगळीकडे वर्षानुवर्षांचा मळ. बाईंचा आणखी एक दवाखाना होता, त्याचंही अंगण असंच. काम पसंत पडलं तर दोन्हीकडचं वर्षभराचं काम त्या एकाच माणसाला देणार होत्या.

"आधी नमुना करून ठेवा," बाई म्हणाल्या. "मी वरून बघेन."

पेंटरने दाराजवळ, अर्धा छपराखाली आणि अर्धा बाहेर, एक चौकोन धुतला. कोबा नव्यासारखा निघाला. आणि मग बावीस वर्षांच्या सवयीने घात केला. पाट्यांच्या धंद्यात गिऱ्हाइकाला दाखवायच्या तुकड्यावर खाली 'नमुना' असं लिहायची रीत होती. न लिहावं तर लोक तोच तुकडा दुकानावर टांगून मोकळे होत. पेंटरचा हात आपोआप लाल नोझलकडे गेला. छपराखालच्या मळकट कोब्यावर त्याने श्वास रोखून, एका दमात, तीन अक्षरं काढली. पांढरीशुभ्र, ठसठशीत, वर आखल्यासारखी शिरोरेषा. दोन वर्षांत त्याने एक अक्षर काढलं नव्हतं. त्याला इतका आनंद झाला की तो बंदूक हातात घेऊन नुसता बघत उभा राहिला. मळावर लिहिलंय, बाकीच्या मळाबरोबर निघून जाईल, असा त्याचा हिशोब होता.

बाईंनी वरच्या गॅलरीतून पाहिलं. त्यांना चौकोन दिसला, छपराखालचं काही दिसलं नाही. "छान आहे. शनिवार-रविवारी दवाखाना बंद असतो, तेव्हा सगळं करून टाका," त्या म्हणाल्या.

शनिवारी पेंटरने अख्खं अंगण धुतलं. डाग गेले, शेवाळ गेलं, मळ गेला. 'नमुना' गेला नाही. त्याने पांढरं नोझल फिरवलं, हिरवं फिरवलं, शेवटी गुडघ्यावर बसून बोट लावून पाहिलं, तेव्हा ते खाचेत गेलं. बारीक धारेने कोब्याची कातडी सोलून निघाली होती. अक्षरं लिहिलेली नव्हती, कोरलेली होती. रविवारी सकाळी त्याने खाचांमध्ये सिमेंट कालवून भरलं. ते वाळलं आणि कोब्यापेक्षा गडद झालं. आता शब्द काल रंगवल्यासारखा दिसू लागला. पेंटरने कपाळाला हात लावला आणि तिथेच पायरीवर बसून राहिला.

संध्याकाळी बाई खाली आल्या. अंगणभर फिरल्या. नळाखाली वाकून पाहिलं, चपलेने कोबा घासून पाहिला, खूश झाल्या. मग छपराखाली येऊन थांबल्या.

"हे काय? नमुना?"

पेंटरने तोंड उघडलं.

"थांबा, थांबा. हे मळाखालून निघालं, होय ना?" बाई हसायला लागल्या. "आमच्या गवंड्याचे धंदे! कोबा ओला असताना लिहिलं असणार आणि मग ओरडा बसेल म्हणून बुजवलं असणार. इतकी वर्षं पत्ता नाही आम्हाला. तो होताच तसला. बरं, राहू दे. काम तुमचं मला पसंत आहे. पुढच्या महिन्यापासून दोन्ही दवाखाने तुम्हीच बघा."

पेंटरला फक्त मान हलवायची होती. त्याने ती अर्धी हलवलीही. वर्षभराचं काम, मेहुण्याच्या खुर्चीतून सुटका, बायकोसमोर ताठ मान, सगळं एका होकारावर आलं होतं, आणि तो होकारही खोटा बोलून द्यायचा नव्हता, नुसतं गप्प राहून द्यायचा होता.

बाई वाकून पुन्हा वाचत होत्या. "पण हात बघा हो! गवंडी असून काय अक्षर काढलंय."

"गवंडी नाही," पेंटर म्हणाला. "मी काढलंय."

कुणी याला प्रामाणिकपणा म्हणेल. तसं काही नव्हतं. बाई गवंड्याला शिव्या घालत होत्या तोवर पेंटर मूग गिळून बसला होता आणि आयुष्यभर बसला असता. कौतुक गवंड्याच्या पदरात पडलेलं त्याला पाहवलं नाही, इतकंच.

बाई सरळ उभ्या राहिल्या. "म्हणजे माझ्या दारात हे तुम्ही कोरलंत?"

"हो. चुकून."

"निघेल?"

"नाही."

"येणारा प्रत्येक पेशंट आता दारात हे वाचून आत येणार," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे बघत." त्या चिडल्या होत्या आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. "ठीक आहे. पुढचं मी कळवते."

'मी कळवते' म्हणजे काय, हे बावीस वर्षं गिऱ्हाइकं सांभाळलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पेंटरने पाइप गुंडाळला आणि मशीन घरी आणलं. बायकोला त्याने काहीही न लपवता सगळं सांगितलं.

"नुसतं गप्प बसायचं होतं," ती म्हणाली.

"हो."

"तेही जमलं नाही."

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. तिला फार राग आला होता, आणि वर त्याची कीवही येत होती, म्हणून राग आणखी वाढत होता.

सोमवारी, एक तारखेला, पेंटर फ्लेक्सच्या दुकानात जाऊन बसला. मेहुण्याने खुर्ची पुसून दिली. "भावोजी, तुम्ही काही करू नका. फक्त शुद्धलेखन बघा." पडद्यावर अक्षरं तयार होती, गिऱ्हाइकं बोट दाखवून त्यातली एक तऱ्हा निवडत होती. पेंटरने दिवसभरात बऱ्याच चुका काढल्या. गिऱ्हाइकांनी त्यातल्या बहुतेक 'असू द्या' म्हणून तशाच छापून नेल्या.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बायको शिवत होती.

"दोरा आणायला गेले होते," ती मान वर न करता म्हणाली. "दवाखान्यावरून."

दोऱ्याचं दुकान घरापासून दवाखान्याच्या अगदी उलट दिशेला होतं. पेंटर चप्पल काढता काढता थांबला. लग्नानंतरची पहिली चार-पाच वर्षं भिंतीवर सुताचं दुसरं टोक तीच धरत असे. अक्षर तिलाही कळत होतं.

"शिरोरेषा सरळ आलीय," ती म्हणाली. "उकार लांब गेलाय."

"पाण्याला जोर असतो गं. आवरत नाही."

"म्हणजे गेलाय."

"गेलाय," पेंटर म्हणाला, आणि रविवारपासून पहिल्यांदा त्याला रडू आलं.