चार्जरचं वाण

मिशिगनमध्ये आजवर ज्या आगी लागल्या नाहीत, त्यांतल्या निदान निम्म्यांचं श्रेय माझ्या थोरल्या साडूंना द्यायला हवं. लागलेल्या आगींची नोंद सरकार ठेवतं, न लागलेल्यांची कोण ठेवणार, एवढ्याच कारणानं हा मनुष्य अजून शाल-श्रीफळाविना राहिला आहे. डेट्रॉइटकडच्या एका मोटार कंपनीत त्यांनी उभी हयात गाड्यांच्या वायरिंगमध्ये घालवली आणि निवृत्त झाल्यावर, आता गाड्या हाताशी नाहीत म्हणून, ते नातेवाइकांच्या घरांकडे वळले. आम्ही तिथल्याच नोव्हाय गावात त्यांच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतो, त्यामुळे पहिला प्रसाद आम्हालाच मिळाला. आमच्याकडे आले की बर्फाचे बूट पायांतून निघायच्या आत त्यांचा हात भिंतीतल्या प्लगकडे जातो. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावी तशी ते चार्जरला हाताची मागची बाजू लावतात, डोळे मिटतात आणि गंभीरपणे सांगतात, "कणकण आहे." मग तो चार्जर उपटून स्वतःच्या खिशात घालतात. आमच्या घरातून असे किती चार्जर गेले हे विचारायची सोय नाही, कारण माझी बायको त्यांची धाकटी मेहुणी आहे आणि तिच्या लेखी भाऊजींनी नेलं ते बऱ्यासाठीच नेलं.

चार्जर विकत घ्यायचा तर साडूंना बरोबर न्यावं लागतं, आणि नेलं तर तो दिवस गेला असं समजावं. इंडियन ग्रोसरीत नारळ निवडतात तसा ते एकेक चार्जर हातात तोलतात आणि कानाशी धरून हलवतात. हलका लागला की परत ठेवतात. "आत काही नाहीच. ज्यानं गरम झाल्यावर स्वतःहून थांबायचं, तो भागच ह्यांनी घातलेला नाही," असं ते शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी गिऱ्हाइकाला समजावतात. मग भिंग काढून पाठीवरची बारीक अक्षरं वाचतात, सुरक्षिततेचा शिक्का खरा की नुसता छापलेला, हे बघतात. लिथियमची बॅटरी चार्जिंगला लावणं म्हणजे गॅसवर दूध ठेवणं, हे त्यांचं लाडकं मत. दूध ठेवून कुणी फिरायला जातं का, दुधाच्या पातेल्याशेजारी कुणी झोपतं का, असे प्रश्न ते भर जेवणात विचारतात आणि पाहुणे बिचारे घास हातात धरून नाही म्हणतात. एकदा मंडळाच्या गणपतीत, शाळेच्या हॉलमध्ये, मखराच्या झालरीमागे प्लगच्या एकाच पट्टीला झाडून सगळ्यांचे फोन लोंबकळताना त्यांना दिसले. आरती ऐन भरात होती. साडूंनी वाकून पट्टीच उपटली. तिच्यावर माइकही होता आणि बाप्पाच्या मागचं फिरतं चक्रही. हॉलमध्ये एकदम शांतता पसरली, आणि मग लोकांनी नाइलाजानं खऱ्या आवाजात आरती म्हटली. त्या हॉलमधली ती सर्वांत सुरेल आरती होती असं साडू आजही म्हणतात, आणि मंडळाचे अध्यक्ष आजही त्यांच्याशी कामापुरतंच बोलतात.

असा हा मनुष्य, ज्यानं गणपतीची भीड ठेवली नाही, तो एका ठिकाणी मात्र मूग गिळून बसला. ते ठिकाण म्हणजे त्यांच्या मुलाचं गॅरेज.

निखिल त्यांचा एकुलता एक. जन्म इथलाच, मराठीत बोलताना निम्मी वाक्यं इंग्रजीत पुरी करणारा, पण वडीलधाऱ्यांसमोर ओढायचं नाही हा एक संस्कार त्यानं अगदी अस्सल उचललेला. तो सिगरेट ओढायचा हे सगळ्या गावाला माहीत होतं. ती सोडायची म्हणून त्यानं वेप घेतला, म्हणजे वाफ ओढायचं ते यंत्र, हेही गावाला माहीत होतं. साडूंना अधिकृतपणे काहीच माहीत नव्हतं. परवाच्या जानेवारीत त्याचं बर्फ काढायचं मशीन परत करायला साडू आणि मी त्याच्याकडे गेलो. निखिल आणि त्याची बायको केतकी घरी नव्हते, म्हणून दाराचा कोड दाबून आम्ही गॅरेज उघडलं. तिथं, गवत कापायच्या मशीनच्या पेट्रोलचा कॅन ठेवलेल्या फळीवर, एक पिसासारखा हलका चार्जर लावलेला होता. त्यात वेपचे दोन जाडजूड सेल, त्यांतल्या एकाचं वरचं प्लास्टिक सोललेलं. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि गोठणबिंदूच्या खाली लिथियमचा सेल चार्ज करणं म्हणजे त्याला आतून दुखापत करणं, हे साडूंनी मला इतक्यांदा ऐकवलंय की मी झोपेत सांगीन.

मला वाटलं, आता उपटणार. साडूंनी हाताची मागची बाजू चार्जरला लावली आणि कणकण आहे असंसुद्धा म्हटलं नाही. पेट्रोलचा कॅन उचलून तेवढा त्यांनी गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, सरळ सांगून टाका की त्याला. त्यांनी आधी वायपर लावून काचेवरचं बर्फ काढलं.

"त्यानं सिगरेट सोडली, चांगलं केलं. पण ती धरली होती हे मला माहीत नाही ना," ते म्हणाले. "मला माहीत आहे असं कळलं, तर एक तर तो माझ्यासमोर ओढायला लागेल, नाही तर यायचा बंद होईल. मला दोन्ही नको आहे."

आणि मग हळूच म्हणाले, "पण ते घर पेटलं तर?"

पुढचे काही दिवस साडूंनी जेवणाकडेही नीट लक्ष दिलं नाही. ह्या सेलना नेमका कोणता चार्जर चालतो ते कळावं म्हणून, एके दुपारी माकडटोपी घालून, मला साक्षीला घेऊन, ते एका वेपच्या दुकानात शिरले. काउंटरवरच्या निळ्या केसांच्या मुलीनं प्रेमानं विचारलं, चव आंब्याची हवी की पुदिन्याची. साडूंनी विचारलं, चार्जर प्रत्येक खोबणीतला सेल स्वतंत्रपणे तपासतो का, भरल्यावर आपोआप थांबतो का, सेल उलटा बसवला तर काय करतो. मुलगी थोडी बावचळली, पण मग दोघांचं चांगलंच जमलं. फाटक्या प्लास्टिकचा सेल वापरायचा नाही, सुटे सेल किल्ल्यांबरोबर खिशात टाकायचे नाहीत, ह्यावर त्यांचं एकमत झालं. तिनं त्यांना सेलवर चढवायच्या नव्या प्लास्टिकच्या नळ्या फुकट दिल्या. आम्ही बाहेर पडलो आणि समोरच्या इडलीच्या दुकानातून मंडळाचे अध्यक्ष सहकुटुंब बाहेर पडले. त्यांनी आधी पाटी वाचली, मग साडूंना वाचलं. संध्याकाळपर्यंत नोव्हायच्या घराघरांत बातमी पोचली होती की म्हाताऱ्याला नाद लागला. मी खुलासा करायला फोन उचलला, तर साडूंनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "खुलासा केलात की लोक विचारतील, मग कुणासाठी गेले होते," ते म्हणाले. "राहू द्या माझ्या नावावर."

बेसमेंटमध्ये त्यांनी मीटर आणि स्वयंपाकाचा थर्मामीटर लावून बरेच चार्जर तपासले आणि त्यांतला एक पास केला. आता प्रश्न असा, की तो निखिलच्या घरात पोचवायचा कसा. वाढदिवस लांब होता, आणि बापानं पोराला वेपचा चार्जर भेट द्यायचा तर सगळंच उघडं पडणार. तेवढ्यात साडूंच्या बायकोनं, म्हणजे आमच्या ताईनं, संक्रांतीच्या हळदीकुंकवाची तारीख ठरवली आणि साडूंच्या डोक्यात दिवा पेटला. एकाला द्यायचं ते लपवायचं असेल, तर सगळ्यांना द्यावं. ताई आधी हसली, मग चिडली. लोक वाणाला वाट्या देतात, डबे देतात, फार तर कापडी पिशवी देतात, असं तिनं परोपरीनं सांगितलं. शेवटी गॅरेजमधली गोष्ट त्यांनी तिच्या कानावर घातली, तेव्हा ती खोकी बांधायला बसली, आणि केतकीच्या खोक्यात त्या नळ्याही गेल्या.

त्या संक्रांतीला काळ्या चंद्रकळा नेसून, वर जाडजूड कोट घालून, बर्फातून आलेल्या समस्त सुवासिनींना तिळगुळाबरोबर एकेक लिथियम बॅटरीचा चार्जर मिळाला, खोक्यावर हळदीकुंकवाची बोटं लावून. हळदीकुंकवात पुरुषांनी फिरकू नये हा नियम मोडून साडू स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी वापराच्या सूचना दिल्या. केतकी समोरच बसली होती. तिच्याकडे त्यांनी चुकूनही पाहिलं नाही. सगळं भाषण त्यांनी नागपूरहून आलेल्या एका ऐंशीच्या आजींना उद्देशून केलं. "हा दगडी ओट्यावर ठेवायचा, डोळ्यासमोर. गॅरेजमध्ये, थंडीत, कधीही लावायचा नाही. बरं का आजी?"

"नाही लावणार जी," आजी म्हणाल्या, आणि तिळगुळ तोंडात टाकला.

पुढे त्या वाणाचं काय काय झालं, ते काही विचारू नका. एका घरी त्याच्या चार खोबण्यांत टूथब्रश असतात. आमच्याकडे चमचे सुकतात. त्याच आठवड्यात निखिलचा मला फोन आला. "काका, लोक म्हणतायत बाबा वेप करतात. दॅट्स क्रेझी, राइट?" मी म्हटलं, तूच विचार ना त्यांना. "मी कसा विचारू? मग ते मला विचारतील," तो म्हणाला, आणि मध्येच थांबला. बोलता बोलता त्याला गॅरेजमधला जागा बदललेला पेट्रोलचा कॅन आठवला असावा. "ते वाण," एवढंच तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

फेब्रुवारी सरता सरता आम्ही पुन्हा त्याच्याकडे गेलो. ह्या खेपेला केतकीनं दार उघडलं. ओट्यावर, मिक्सरशेजारी, साडूंचा चार्जर होता, त्यात नव्या प्लास्टिकचे दोन सेल, आणि शेजारी सगळ्यांना दिसेल असा एक टॉर्च, सेल आपलेच आहेत असं सांगणारा साक्षीदार म्हणून उभा केलेला. साडूंनी हाताची मागची बाजू लावून बघितली. "ताप नाही," ते म्हणाले. "टॉर्च छान आहे." निखिल गॅरेजमध्ये आहे असं केतकी म्हणाली, जरा जास्तच मोठ्यानं. आम्ही आतल्या दारापाशी गेलो, साडूंचा हात मुठीवर गेला आणि तिथेच थांबला. मग ते खोकले. चांगले घसा खरवडून, दोनतीनदा. आत काहीतरी खडबडलं.

मी विचारलं, घसा धरलाय का. ते दाराकडे बघत हळू आवाजात बोलले. मिरजेला, कॉलेजात असताना, ते गल्लीच्या टोकाला मित्रांबरोबर सिगरेट ओढत उभे असायचे आणि वडील कचेरीतून यायचे. कोपऱ्यावर आले की वडिलांना नेमका खोकला यायचा. साडू घाईनं सिगरेट विझवायचे आणि वडिलांच्या छातीची काळजी करायचे. पहिल्या पगारातून त्यांनी वडिलांना खोकल्याचं औषध नेऊन दिलं होतं. वडिलांनी ते मुकाट्यानं घेतलंही.

"ते गेल्यावर आईला मी म्हटलं, त्यांचा खोकला शेवटपर्यंत काही गेला नाही," साडू म्हणाले. "आई म्हणाली, कसला खोकला? ह्यांना खोकला कधी नव्हताच."

त्यांचे डोळे भरले होते आणि माझेही. आतून सगळं आवरल्याची शांतता आली, आणि मग निखिलही एकदा खोकला. साडूंनी चष्मा पुसला, आणखी थोडा वेळ जाऊ दिला, आणि दार उघडलं.