दवंडी वेशीच्या आतच फिरली

वरवट बकालचं घर आम्ही कसं घेतलं, असं कोणी विचारलं की अजून माझं डोकं तापतं. महाराष्ट्र नवा नवा झाला होता. आम्ही संग्रामपूरला भाड्यानं राहत होतो, आणि घरमालकानं बजावलं होतं, पोराचं लग्न आहे, त्याच्या आत खोल्या खाली करा. त्यामुळे आम्हाला घर पाहिजेच होतं.

आमचे हे मास्तर. विकणाऱ्यानं घर दाखवलं, चहा पाजला, की यांचं समाधान. मी म्हटलं, "अहो, घर त्याचंच आहे कशावरून?" तर म्हणतात, "अख्खं गाव सांगून राह्यलं ना!" गावाची रीतही तशीच. घर विकायचं तर कोतवाल हलगी वाजवत फिरायचा, कोणाचा हक्क असेल त्यानं आताच बोला. तो फिरला. कोणी बोललं नाही. झालं! यांनी लगेच इसार देऊन टाकला.

खरेदीच्या आधी मीच हट्टानं यांना आणि त्या विकणाऱ्याला वकिलाकडे नेलं. वकिलानं कागद पाहिले आणि विकणाऱ्याला विचारलं, "घर वडिलांचं दिसतं. बहीण आहे का तुम्हाला?"

"हाव, हाये ना. धामणगाव बढ्याले देल्ली."

"मग तिची संमती लागेल. नव्या कायद्यानं बापाच्या मागे त्याच्या घरात लेकीचाही वाटा असतो."

विकणारा हसला. आमचे हेही हसले! विकणारा म्हणाला, "वकीलसाहेब, दवंडी देल्ली ना आमी. कोनीच बोललं नाई."

अरे देवा! दवंडी वरवटात, बहीण धामणगावात. ती काय तिथून कान लावून बसली होती? सासरी गेलेल्या लेकीचा हक्क असेल, हे साऱ्या गावात एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. वकिलानं साफ सांगितलं, तिला वगळून घर घेतलंत तर उद्या दावा लागू शकतो, मग बसा कोर्टाच्या पायऱ्या चढत.

बरं, मग भावानं जावं ना बहिणीकडे? तर म्हणे, "मले लाज वाटते. तुमीच जा." बहीण याची, घर याचं, आणि एसटीत धक्के खायचे आम्ही!

गेलो. ती ओसरीत मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. माहेरचं घर विकायला काढलंय, हेच तिला ठाऊक नव्हतं. आम्ही सांगितलं तेव्हा कळलं. हातातली मिरची तिनं सुपात टाकली. मग म्हणाली, "वाटा नाई पाहिजे मले. अंगठा देईन. पन त्यानं सोता येऊन सांगावं."

मला त्या माणसाचा असा संताप आला! परत आल्याबरोबर त्याच्या ओट्यावर चढून, चार लोकांसमोर त्याला झाडला. "आधी बहिणीकडे जाऊन या, मग आम्हाला तोंड दाखवा." गेला एकदाचा.

रजिस्ट्रीच्या दिवशी दोघं सोबत आले. साहेबानं विचारलं, "राजीखुशीनं देता ना?" "हाव," म्हणाली आणि अंगठा दिला. बाहेर आल्यावर भावाला म्हणाली, "आता दिवाळीले कुठं येऊ रे मी?" तो नोकरीपायी अकोल्याला चालला होता. "ये ना अकोल्याले," म्हणाला, पण तिच्याकडे न पाहता.

एसटीत आमचे हे भलतेच खुशीत. घर पक्कं झालं होतं. "पाह्यलं, बाईनं कसं गुपचूप देऊन टाकलं! काही कटकट नाही. बहीण असावी तर अशी."

माझं टाळकंच सरकलं. "काय हो, माझ्या भावानं गेल्या साली आमच्या बाबांचं घर विकलं. उन्हाळ्यात पिशवी घेऊन मी दारात उभी राहिले, आणि दार उघडलं दुसऱ्याच बाईनं. मला कोणी विचारलं होतं? माझी सही नव्हती लागत?"

मागच्या बाकावरचे लोक पाहू लागले. हे खिडकीबाहेर बघत बसले.

"आला होता तुझा भाऊ," हे हळूच म्हणाले. "शाळेत येऊन विचारून गेला. मीच सांगितलं त्याले, तिची काही हरकत नाही म्हणून."