बाइंडरबाईंचं पथ्य

बाइंडरबाईंचा राग मुळातच नाकावर असायचा. पण गहू सोडल्यापासून तो तिथून हलायचं नावच घेईना.

वाचनालयाच्या तळघरात, एका अरुंद खिडकीच्या उजेडात, त्या एकतीस वर्षं फाटकी पुस्तकं दुरुस्त करत होत्या. सुटलेली पानं शिवायची, पाठ चिकटवायची, नवा पुठ्ठा चढवायचा. मध्यंतरी वर्षभर पोट बिघडलं, वजन उतरलं, तेव्हा डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, तुमच्या आतड्यांना गहू सोसत नाही. आता कणभरसुद्धा नको, जन्मभर नको.

बाईंनी गहू सोडला. बरं वाटायचं दूरच, पोट तट्ट फुगायचं, दुपारनंतर डोकं ठणकायचं आणि जिना चढताना पायांत गोळे यायचे. सहा महिने झाले तरी तेच.

"आधी निदान पाव खाऊन आजारी होते," त्या धाकटीला म्हणाल्या. "आता न खाता आजारी आहे. यात माझा काय फायदा झाला, ते विचार तुझ्या डॉक्टरला."

धाकटी म्हणजे त्यांची बहीण. नवरा गेल्यावर ती ताईकडे राहायला आली आणि स्वयंपाकघर तिच्या हातात गेलं. ताईसाठी तिने नवी कढई आणली, बरण्यांवर चिठ्ठ्या लावल्या. ताईच्या समोर बसून पाव कसा खायचा, म्हणून स्वतःही सोडला. त्याबद्दल मात्र ती कधी चकार शब्द बोलली नाही.

मग रक्ताची पुन्हा तपासणी झाली. "गहू अजून पोटात जातोय," डॉक्टर म्हणाले. "अगदी थोडा, पण रोज. घरात नीट बघा."

घरात, एवढा एकच शब्द बाईंनी कानात धरून ठेवला आणि चप्पल काढायच्या आधी धाकटीसमोर टाकला.

"सहा महिने मला काय घालते आहेस खायला?"

"म्हणजे?"

"डॉक्टर म्हणतात, घरात बघा. घरात माणसं दोन. त्यातली मी काही चुलीपाशी जात नाही."

धाकटीने हातातलं भांडं खाली ठेवलं. "मी मुद्दाम घालते, असं म्हणायचंय तुला?"

"मुद्दाम कशाला? निष्काळजीपणा पुरतो. तो तुझ्यात लहानपणापासून आहे."

धाकटी आत गेली. कपाटावरची बॅग खाली काढली, लेकीला फोन करून परवा येते म्हणून कळवलं आणि बाहेर आली.

"जायच्या आधी उद्याचा दिवस तुझ्या तळघरात बसणार आहे. तुझ्या तोंडात काय काय जातं, ते या डोळ्यांनी बघणार. काही सापडलं नाही, तर दोष माझा."

"बस की. धूळ खायची हौस असेल तर खुशाल बस."

दुसऱ्या दिवशी धाकटी कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसली. बाईंनी चिकटवायची खळ शिजवून गार केली, बोट बुडवून जिभेवर घेतली, तोंडात घोळवली आणि बेसिनमध्ये थुंकून टाकली. कालची उरलेली आंबली का, तेही तसंच पाहिलं. मग पुस्तक शिवायला घेतलं. सुईत ओवायच्या आधी दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं करायचं. पान उलटायचं तर अंगठा जिभेला. बोटांवर खळ वाळून तिचे पापुद्रे सुटलेले. हात किती वेळा तोंडाशी जातो, ते धाकटी मोजत होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्रेचाळीस वेळा झालं.

"ताई, ही खळ कशाची?"

"मैद्याची. दुसऱ्या कशाला पकड असते का अशी?"

"आणि मैदा कशाचा?"

बाईंची सुई पानातच थांबली.

"ते काय खाणं झालं?" त्या म्हणाल्या. "गुठळी राहिली का बघते, आणि थुंकते."

"कणभरसुद्धा नको, असं तूच मला सांगितलं होतंस. सांगितलं म्हणजे ओरडली होतीस."

आता राग काढायचा कोणावर? डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी कामाबद्दल विचारलं होतं. 'पुस्तकं दुरुस्त करते, त्याचा पोटाशी काय संबंध,' असं म्हणून बाईंनीच त्यांचं तोंड बंद केलं होतं. खळ चाखायला शिकवणारे म्हातारे बाइंडर केव्हाच गेले. बाईंनी पातेलं उचललं आणि सगळी खळ बेसिनमध्ये उपडी केली. बेसिन तुंबलं. मग त्यांनी बेसिनला दोन शिव्या घातल्या.

"ती बॅग परत वर ठेव," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. आवाज चढलेलाच होता.

"नाही."

"सापडलं ना आता? तुझा दोष नाही."

"ते मला आधीपासून माहीत होतं. तुला माहीत नव्हतं, त्याचं काय करू?"

त्या तळघरात एकतीस वर्षांत बाईंना उलट बोललेलं कोणी नव्हतं. आणि हात धुवायला आता बेसिनही नव्हतं. चिकट हात अंगापासून लांब धरून त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

"चुकलं माझं," शेवटी म्हणाल्या, तेही कोणावर खेकसावं तसं.

"बरं," धाकटी म्हणाली. "उद्या सकाळची गाडी आहे. तुझं तू शिजव."

"किती दिवस?"

"बघू. माझा राग उतरेल तेव्हा येईन. राग काय तुला एकटीलाच येतो?"