कडूलिंबाचा खांब

आमच्या घरात दख्खनी बोलत आणि उंबऱ्याबाहेर मराठी. पण अम्मा चिडली की घरातही मराठीवर येई. तिचं माहेर मराठी बोलणाऱ्या खेड्यातलं, आणि तिचा रागही माहेरचाच होता.

माझं लग्न ठरलं त्या साली तो राग पुन्हा वर आला. निजामाची अमदानी, वर लढाईचे दिवस, आमच्या लोहाऱ्यात रॉकेल मिळेना म्हणून जो तो रडत होता. अम्माचं रडगाणं वेगळंच. “पोरीला धाडायच्या आदी मला माझं झाड दावा,” ती अब्बांना म्हणाली.

त्या झाडाची कथा आम्हा भावंडांना पाठ होती. ईट गावाच्या पलीकडं, तळ्याच्या काठी अम्माचं गाव. अंगणात कडूलिंब, त्याला तिचा झोका. तिचं लग्न जमलं आणि त्याच उन्हाळ्यात नानांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, ते झाड तोडलं. गावात लाकडी खांबांची मशीद उभी राहत होती. झाड मशिदीला दिलं, त्याचा खांब झाला, असं नानांनी तिला सांगितलं. “एकाच साली झाड तोडलं आन् मला धाडलं,” हे प्रत्येक भांडणात ती ऐकवायचीच. खांब मात्र तिनं कधी पाहिला नव्हता. आमच्याकडं बायका मशिदीत जात नसत. माहेरी गेली की ती बाहेरूनच बघायची आणि पुरुष सांगायचे, हाय की आत. मग नाना गेले आणि माहेरही सुटलं.

अब्बा सुतार. त्याच मशिदीच्या कामाला ते आपल्या वडिलांबरोबर त्या गावी गेले होते आणि तिथंच सोयरीक जुळली होती. म्हणजे खांब दाखवायला त्यांच्याइतका लायक माणूस दुसरा नव्हता. तरी सुगी संपेपर्यंत ते आज-उद्या करत राहिले. शेवटी अम्मानं स्वयंपाक माझ्यावर सोपवून पाठ फिरवली, तेव्हा कुठं बैल जुंपले गेले. माझ्या हातची भाकरी खाण्यापेक्षा प्रवास बरा, असं त्यांना वाटलं असणार.

तळ्याचा मुलूख लागला आणि मी हरखून गेले. काठाकाठानं गावं, आणि गावागावात लाकडाचं देऊळ नाहीतर मशीद. लाकूडकाम दिसलं की अब्बांची गाडी थांबलीच. एका गावात महादेवाचा मंडप होता. दगडी बैठकींवर उभे खांब, वर वाकलेल्या तुळया, त्यावर मातीचं माळवद. गुरवानं “या मिस्त्री” म्हणून हाक दिली. अब्बांनी खांबावरून तळवा फिरवला. “बाभळ हाय. पर जीव लावून तासलीया,” ते म्हणाले. पुढच्या गावात दर्ग्याची कमान होती, तिच्यावर कोरलेले पोपट. अख्ख्या कमानीत लोखंडाचा खिळा नाही, लाकडात लाकूड बसवलेलं. मी मान वर करून बघतच राहिले. लग्नानंतर कोण मला असं हिंडवणार होतं?

अम्मा गाडीतून उतरत नव्हती. “तुमचं समद्यांचं देव बघून झालं असंल तर माझ्या झाडाकडं चला,” ती म्हणायची. तिचं गाव समोरच्या काठावर दिसत होतं. तरी अब्बांनी आणखी एका देवळासाठी गाडी उलट्या अंगाला घेतली, तेव्हा माझंही डोकं फिरलं. ते बैलांना पाण्यावर घेऊन गेले, तशी मी मागोमाग गेले.

“अब्बा, तुम्ही मुद्दाम उशीर करताय.”

त्यांनी गाडीकडं पाहिलं. अम्मा लांब होती.

“ते झाड मशिदीत न्हाय,” ते म्हणाले. “आमीच तोडलं. आतनं पोकळ निघालं, निस्ता भुसा. खांब कशाचा करायचा? तुज्या नानानं हात जोडलं. पोरगी उद्या जायाची, तिला सांगू नगा म्हनला. लग्नाच्या चुलीत घातलं ते.”

मला नानांचा राग आला, अब्बांचा आला आणि अम्माची दया आली. “आता काय करणार?” मी विचारलं. बैलांनी पाणी पिऊन माना वर केल्या तरी अब्बा तिथंच उभे होते.

शेवटी अम्माच्या गावी पोचलो. मशिदीचे मुल्ला तिचे लांबचे चाचा लागत. दुपारची नमाज होऊन गेली होती, आत कोणी नव्हतं. अम्मा पायरीखालीच थांबली. “ये बेटी,” ते म्हणाले, “गावची लेक हाईस. तुला कोन न्हाय म्हनतंय?”

आत गार होतं. तेल पाजलेल्या खांबांचा वास येत होता. मी लाकडाच्या भुशात लहानाची मोठी झालेली. एकूण एक खांब सागवानी होता हे मला पहिल्या नजरेत कळलं. अब्बा कोपऱ्यातल्या खांबापाशी गेले. त्यांनी त्यावर हात ठेवला. “ह्यो,” ते म्हणाले. मुल्ला तसबीचे मणी ओढत खाली बघत राहिले.

अम्मानं दोन्ही हातांनी खांब धरला. गाल टेकवला.

“व्हय,” ती म्हणाली. “ह्योच. वळखला म्या.”

परतताना चढण लागली आणि अब्बा खाली उतरून बैलांच्या पुढं चालू लागले. गाडीत आम्ही दोघीच.

“सागवानाला लिंब म्हननारा सुतार म्या आज पयल्यांदा बगितला,” अम्मा हळूच म्हणाली.

मी चमकले. “मग व्हय कशाला म्हणालीस?”

“सुताराची बायकू हाय मी, मला लाकूड कळत न्हाय व्हय? पर बापानं आन् नवऱ्यानं माज्यासाटी इतकी वर्सं जपलेलं खोटं, ते म्या तितं उबं राहून मोडू?” मग तिनं माझा हात धरला. “तुला म्हाईत हाय. झाडाचं काय झालं?”

खोटं बोलणं मला कधी साधलं नाही. “पोकळ निघालं, अम्मा. तुझ्या लग्नाच्या चुलीत घातलं.”

चढण संपत आली होती. आता ती रडणार, नाहीतर अब्बांवर तुटून पडणार, असं मला वाटलं.

“म्हंजी माज्या लग्नाला समदा गाव त्याच्यावर शिजलेलं जेवला,” ती म्हणाली. “मशिदीत निस्तं उबं राहिलं असतं.”

आणि मग खरंच रडली, अगदी मोठ्यानं, पाठवणीची पोर रडते तशी. मीही तिच्या कुशीत शिरून रडून घेतलं. अब्बा घाबरून मागं वळले, काय झालं म्हणून विचारू लागले.

“कायबी न्हाय,” अम्मा पदरानं तोंड पुसत म्हणाली. “वर बसा आता. दमला असाल.”