साडेआठचे साडेपाच

शनिवारी आमची शाळा सकाळची असते, साडेअकराला सुटते. महिन्यातले निदान दोन शनिवार, शाळा सुटली की मी आणि माझी मैत्रीण थेट सिनेमाला जातो. अकरा वर्षं झाली याला. मी मराठी शिकवते, ती गणित. ती मूळची पापडीची, केळी-चिकूच्या वाडीवाल्या ख्रिस्ती घरातली. मी लग्न होऊन साताऱ्याकडून वसईत आलेली. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी होत्या, त्यातून मैत्री झाली.

गुण द्यायची सवय पहिल्याच सिनेमाला लागली. परत येताना रिक्षात मी सहज म्हटलं, "दहापैकी चार. तेही अक्षर चांगलं आहे म्हणून." ती इतकी हसली की रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. मग म्हणाली, "मी साडेचार देते. उत्तर चुकलंय, पण पायऱ्या बरोबर आहेत."

पुढे त्याचे नियम झाले. थिएटरमध्ये बोलायचं नाही, जिन्यावर बोलायचं नाही. रिक्षा सुरू झाली की बोलायचं आणि पापडीचा तलाव यायच्या आत गुण जाहीर करायचे, कारण तलावापाशी ती उतरते आणि मी पुढे वसईगावात जाते. दुसऱ्या पिक्चरवरून उचललेल्या कथेला कॉपी म्हणून शून्य. पन्नाशीचा नट कॉलेजात जात असेल तर एक गुण वजा. शेवट फसला, पण मधल्याच एखाद्या प्रसंगाने जीव लावला असेल तर ग्रेस.

आधी मी बोलायचे. तसं कुणी ठरवलं नव्हतं, पण मी बोलकी आणि ती ऐकून घेणारी. निम्मा रस्ता माझंच चालायचं. तिचा आकडा अगदी शेवटी यायचा, तलाव दिसायला लागल्यावर, आणि तो माझ्या आकड्याच्या आसपासच असायचा. आमची आवड किती जुळते याचं मला फार कौतुक होतं. घरी नवऱ्याला मी ते अनेकदा सांगितलंय. त्याला सिनेमात झोप लागते, त्यामुळे तो विषय तिथेच संपायचा.

मागच्या जूनमध्ये शाळेत कॉम्प्युटरच्या नव्या मॅडम आल्या. विरारला राहणाऱ्या, तिशीच्या, स्कूटीवरून येणाऱ्या. पहिल्या आठवड्यातच त्या आमच्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "तुम्ही दोघी पिक्चरला मार्क देता ना? सॉलिड आयडिया आहे मॅडम! आपण ग्रुप करू या, सगळ्यांना कळू दे." त्यांनी तिथल्या तिथे व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप केला आणि स्टाफमधल्या बारा-तेरा जणांना त्यात घेतलं.

खोटं कशाला सांगू, मी खूश झाले. पहिला महिनाभर त्या ग्रुपवर मीच होते म्हटलं तरी चालेल. रविवारी सकाळी चहा घेऊन बसायचं आणि आदल्या दिवशीच्या सिनेमावर आठ-दहा ओळी लिहायच्या. शब्द निवडून, एखादा टोमणा पेरून, खाली गुण. लोक अंगठे पाठवायचे. पी.टी.चे सर म्हणायचे, "बाई, तुमचं वाचून आमचे तिकिटाचे पैसे वाचतात." माझी मैत्रीण त्यावर काही लिहायची नाही. गुण आम्हा दोघींचेच आहेत असं मी धरून चालले होते.

मग एका शुक्रवारी मधल्या सुट्टीत मी फोन उघडला. ती माझ्या शेजारीच डबा खात होती, हाताच्या अंतरावर. ग्रुपवर तिचा मेसेज होता. एका बँडवाल्याच्या मुलीचा तो सिनेमा होता आणि शनिवारी तोच बघायचा असं मी मनात ठरवून ठेवलं होतं. तिने लिहिलं होतं, "काल विरारला पाहिला. साडेआठ. शेवटी रडले." खाली कॉम्प्युटरच्या मॅडमचं उत्तर, "मी पण!!" आणि रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

मी फोन पालथा ठेवला. ती मला म्हणाली, "भाजी घे ना, आज दुधीची आहे." मी घेतली. चव कळली नाही.

ती विरारला गेली याचं मला फार लागलं नाही. तिने साडेआठ दिले याचंही नाही. मला लागलं ते 'रडले'. अकरा वर्षांत माझ्या शेजारी बसून ती कधी रडली नव्हती. आई वारते, मूल हरवतं, म्हातारा नवरा स्टेशनवर एकटा उरतो, सगळं आम्ही पाहिलं होतं, आणि ती कोरडी. ती रडणारी बाईच नाही असं मी समजत होते.

मी मेसेज वाचलाच नाही असं दाखवलं. शाळा सुटताना म्हटलं, "उद्या तो बँडवाल्याचा बघू या ना?"

ती म्हणाली, "मी पाहिला अगं. पण येते. परत बघेन."

ती आली. मी तो सिनेमा फारसा पाहिलाच नाही, तिलाच पाहत होते. शेवट जवळ आला, मुलीच्या लग्नात तो बाप एकटा क्लॅरिनेट वाजवायला लागला आणि मी अंधारात मान वळवून बसले. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. रिक्षात बसल्या बसल्या मी सुरू केलं. बाप अति गरीब दाखवलाय, मुलगी अति गोरी, बँड अति सुरात. दहापैकी चार. मग मी थांबले. तलाव दिसायला लागला होता.

"पाच," ती म्हणाली. मग म्हणाली, "साडेपाच दे."

त्या दिवशी मी घरी आनंदात गेले. मला वाटलं, तिकडे ती भारावली होती, माझ्याबरोबर बघितल्यावर डोळे उघडले. जिंकल्यासारखं वाटलं, आणि तो आनंद मला गप्प बसू देईना. रविवारी मी ग्रुपवर लिहिलं, "आमच्या गणिताच्या बाईंनी या सिनेमाला विरारमध्ये साडेआठ दिले होते. वसईत येईपर्यंत साडेपाच झाले. पेपर रिचेक झालेला दिसतो." लोकांनी हसून घेतलं. पी.टी.च्या सरांनी टाळ्या पाठवल्या. कॉम्प्युटरच्या मॅडमनी काहीच पाठवलं नाही. संध्याकाळपर्यंत माझी मैत्रीण ग्रुपमधून बाहेर पडली.

सोमवारी ती नेहमीसारखी शेजारी बसली, वह्या तपासत. बोलली, पण कामापुरतं. पुढच्या शनिवारी तिच्या घरी पाहुणे होते. त्याच्या पुढच्या शनिवारी चर्चच्या गायनवृंदाची तालीम. तिसऱ्या शनिवारी मी विचारलंच नाही. शाळा सुटली तशी ती भरभर फाटकाबाहेर गेली. मी आवारात पाहिलं, कॉम्प्युटरच्या मॅडमची स्कूटीही जागेवर नव्हती.

मग मात्र मला राहवेना. एखाद्या संशयी नवऱ्यासारखी मी फोनवर शो बघत बसले. पन्नाशीच्या बाईला हे शोभत नाही हे कळत होतं आणि बोट थांबत नव्हतं. विरारला त्या वेळेला काही नव्हतं. आमच्या नेहमीच्या थिएटरला एकच होता, वाडी विकणाऱ्या एका म्हाताऱ्याचा. त्याच्या ट्रेलरवरूनच मी ग्रुपवर लिहिलं होतं, "नुसती रडारड. मी जाणार नाही." म्हणजे मी जिथे जाणार नाही तिथेच त्या दोघी जाणार, असा हिशेब मी मांडला आणि रिक्षा केली.

आत गेले तेव्हा सिनेमा सुरू झाला होता. मागच्या कोपऱ्यात बसले. डोळे अंधाराला सरावले तशी ती मला दिसली, चार रांगा पुढे. एकटी. शेजारच्या खुर्चीवर तिने पर्स ठेवली होती. दुसऱ्या बाजूला कुणीच नव्हतं. पडद्यावर तो म्हातारा, वाडी विकल्याच्या दुसऱ्या दिवशी सवयीने उठून झाडांना पाणी घालायला गेला आणि त्याला आत सोडेनात. तिने ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. मग दुसऱ्यांदा. मग ते तिने खाली घेतलंच नाही.

म्हणजे तिला एकटीनेही रडता येत होतं. कॉम्प्युटरच्या मॅडम तिथे नव्हत्या, हेवा करायला माणूस उरलं नव्हतं, तरी तो जाईना. पर्स ठेवलेल्या त्या खुर्चीचा मला हेवा वाटत होता.

मध्यंतरात लपायला जागा नव्हती. समोशाच्या काउंटरपाशी ती माझ्यासमोरच आली. डोळे लाल, नाक लाल.

"तू?"

"हो," मी म्हटलं. "तू एकटीच?"

"दिसतंय तशी. त्या मॅडम माहेरी गेल्यात आज." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तू आम्हाला पकडायला आलीस."

मला नाही म्हणता आलं नाही. "ग्रुपवर ते लिहायला नको होतं मी," एवढंच म्हटलं.

"लिहिलंस ते खरंच होतं. साडेआठचे साडेपाच मीच केले. मला आधी माझा राग आला. तुझा नंतर आला."

"मग केलेस कशाला?"

"तू चार म्हणालीस. चारच्या पुढे साडेआठ कसे म्हणायचे?" ती समोशाच्या कागदाची घडी घालत राहिली. "अकरा वर्षं मी तुझ्या आकड्यात अर्धा मिळवते, नाहीतर अर्धा वजा करते. गणिताची बाई आहे, तेवढं जमतं मला."

 मी न राहवून विचारलं, "आणि तिच्याबरोबर?"

"ती आधी मला विचारते. 'तुम्हाला काय वाटलं?' म्हणते आणि गप्प बसते. एवढंच करते ती."

घंटा झाली. ती आत गेली आणि आपल्या जागेवर बसली. पर्स तिने उचलली नाही. मी माझ्या कोपऱ्यात जाऊन बसले. उरलेला सिनेमा मी खरोखर पाहिला. मला तो नाही आवडला. झाडांची पानं प्लास्टिकची वाटत होती आणि म्हाताऱ्याची दाढी दर प्रसंगाला वेगळी होती. माझ्या डोक्यात तीन गुण तयार होते, बरोबर दोन वाक्यंही.

बाहेर मी उभी राहिले. ती आली आणि मुकाट्याने रिक्षात शेजारी बसली. मी बोलले नाही. गप्प बसणं माणसाला इतकं जड जात असेल असं मला वाटलं नव्हतं. दाढीचं वाक्य दोनदा ओठांवर आलं. अर्धा रस्ता गेला, सिग्नल गेला, बाजार गेला.

"नऊ," ती म्हणाली.

मी तीन गिळले. "का नऊ?"

मग तिने सांगितलं. त्यांची पापडीची वाडी ती कॉलेजात असताना विकली. केळी होती, चिकू होते, मध्ये विहीर. तिथे बिल्डिंग व्हायची होती. विहीर बुजवायला माणसं आली त्या दिवशी तिच्या पप्पांनी त्यांना थांबवलं आणि मातीची पहिली पाटी स्वतः टाकली. कुणाशी बोलले नाहीत. घरी येऊन हातपाय धुतले आणि जेवायला बसले. "जेवले पण पोटभर," ती म्हणाली. "ते मला अजून कळलेलं नाही." आजच्या सिनेमातही म्हातारा शेवटी पोटभर जेवतो, आणि मला तो प्रसंग विनोदी वाटला होता.

अकरा वर्षं आम्ही त्या रस्त्याने येत होतो. ती बिल्डिंग तलावाच्या अलीकडेच आहे. तिने बोटाने दाखवली. खाली औषधाचं दुकान आहे. तिथून मी कितीदा गोळ्या घेतल्यात.

मी तेव्हा तिचा हात धरायला हवा होता. त्याऐवजी मी विचारलं, "हे तिला माहीत आहे?"

तिला कळलं कुणाबद्दल विचारतेय ते. "हो. जुलैत सांगितलं."

जुलैत. म्हणजे ती बाई शाळेत आल्याला महिना-दीड महिना झाला असेल. तलाव आला, ती उतरली. "सोमवारी भेटू," म्हणाली आणि निघाली. पुढच्या रस्त्यात मला स्वतःची लाज वाटत होती आणि त्या लाजेच्या आत तो हेवा तसाच होता, किंचितही कमी न झालेला. ती दुसरीला सांगण्याआधी अकरा वर्षं माझ्याजवळ होती आणि मी तिला कधी विचारलं नव्हतं, हे कळूनही राग मला त्या दुसरीचाच येत होता.

त्या रविवारी मी ग्रुपवर लिहिलं की तो रिचेकचा विनोद वाईट होता, आणि सिनेमावर लिहिणं बंद केलं. पी.टी.चे सर अधूनमधून विचारतात, मी वेळ नाही म्हणते. माझी मैत्रीण ग्रुपमध्ये परत आलेली नाही.

शनिवार मात्र पुन्हा सुरू झाले. रिक्षात आता ती आधी बोलते. तिचे गुण ऐकून मी अनेकदा थक्क होते. ज्याला मी दोन दिले असते त्याला ती आठ देते, आणि मी डोक्यावर घेतलेल्या एका सिनेमाला तिने दीड दिला, वर म्हणाली, "तुला कशात काय दिसतं कोण जाणे." आमची आवड अजिबात जुळत नाही. दोनदा तर तलावापर्यंत भांडण मिटलं नाही म्हणून मीही तिच्याबरोबर उतरले आणि तिच्या घरी चहा होईपर्यंत भांडत राहिले.

गेल्या शनिवारी तिनेच सुचवलं म्हणून आम्ही तिघी गेलो. ती मध्ये बसली. कॉम्प्युटरच्या मॅडम चांगल्या आहेत, हे मी पूर्वीही नाकारलं नसतं. त्यांनी येताना माझ्यासाठी घरचे मेदुवडे आणले होते. सिनेमा हलकाफुलका होता, लोक हसत होते. मध्येच माझी मैत्रीण डावीकडे झुकली आणि मॅडमच्या कानात काहीतरी बोलली. दोघी खुदखुदल्या. थिएटरमध्ये बोलायचं नाही, हा आमचा नियम होता. मी पडद्याकडे बघत राहिले आणि तेवढा वेळ सिनेमात काय झालं ते मला आजही सांगता येणार नाही.