आठ अक्षरांची मांडणी

चार माणसं रोज एका टेबलावर जेवली, की वर्षभरात किश्श्यांची पाटी भरते. द्वारका चौकाजवळच्या आमच्या मुक्ताच्या ऑफिसात मी सात वर्षं डबे पोचवतेय. माझ्या पाटीला आता शीग लागलीय!

मुक्ता माझी नात. तिथले कॉम्प्युटर सांभाळते. म्हणाली, "आजी, या जुन्या मशीनवर प्रत्येकाचं नाव इंग्रजीत टाकायचं. नावाचं पहिलं अक्षर, मग आडनाव. पण अक्षरं आठच!"

"आणि नववं?"

"घेतच नाही."

एवढंच ना! माझ्या मांडणीवरही आठच डबे बसतात. नववा आणलात तर तो खाली!

*

नवे साहेब आले. त्यांना नावापुढे 'साहेब' हवं होतं. मुक्तानं जागा मोजून दाखवली. साहेब फुगले, "मग लोकांना कळणार कसं?"

"खुर्चीत बसलात की कळेल!"

*

एकदा मुक्ता म्हणाली, "आजी, गंमत म्हणून तुझं टाकू. पूर्ण नाव सांग."

नवऱ्याचं नाव असं कोरडं कसं घ्यायचं? मी सुरू केलं, "गोदेच्या काठावर तुळशीचं वन..."

"आजी, आठच!"

*

आमच्या टेबलावरची वैशाली जाधव. वडील गेल्यावर घरात जाधव लावणारी ती एकटीच उरली. लग्न झालं, सिन्नरच्या सूर्यवंशींकडे. महिन्याभरात सासूबाई जीपनं ऑफिसात हजर.

"सून आमची, अन् मशीनवर अजून जाधव? बदला!"

मुक्ता म्हणाली, "सूर्यवंशी मावत नाही, मावशी. शेवटची चार अक्षरं तुटतील."

"तुटकं आडनाव? नाय चालायचं! त्यापरीस जाधवच राहू द्या."

वैशालीनं त्या दिवशी एक भाकरी जास्तीची घेतली.

*

पुढं नवं मशीन आलं. ते बत्तीस अक्षरं घेतं. वैशालीची अर्धी भाकरी डब्यात तशीच परत यायला लागली. सासूबाईंना खबर लागलीच! स्टीलच्या डब्यात लाडू घेऊन आल्या.

"आता बसतंय ना? टाका अख्खं सूर्यवंशी."

मुक्ताची बोटं बटणांवर. मी लाडू ताटलीत काढले अन् डबा फिरवला. कडेला नाव कोरलेलं.

"मला अक्षरं लागत नाहीत. वाच गं, वैशाली."

"कुमारी शेवंता गणपत शिंदे."

"ही कोण?"

"मीच की," सासूबाई म्हणाल्या. "माहेरचा डबा हाय."

"इतकी वर्षं घासताय, तरी नाव शाबूत!"

त्यांनी डबा घेतला, पदरानं पुसला, पिशवीत ठेवला. मग मुक्ताकडं वळल्या.

"पोरी, तुझं मशीन आठच घेतंय म्हणालीस ना?"

"नाही हो मावशी, आता बत्तीस..."

"आठच घेतंय!"