सिस्टरबाईंचं चित्रपुस्तक

"तुम्हाला म्हैस काढता येते का? बसलेली नको, उभी नको. उठताना."

मी शिकवायचो त्या महाडच्या शाळेत, मधल्या सुट्टीत, चित्रकलेच्या खोलीच्या दारात उभ्या राहून एक उंच, सडसडीत बाई मला हे विचारत होत्या. नाव नाही, गाव नाही, साधा नमस्कारही नाही. खांद्याला पट्ट्यानं अडकवलेला निळा डबा होता. तसा डबा घेऊन नर्स शाळेत लसी द्यायला येतात, म्हणून मी म्हणालो, "बाई, लसीकरण तिकडे, ऑफिसशेजारी." त्या हसल्या, आत आल्या आणि डबा माझ्या टेबलावर ठेवून त्यांनी झाकण उघडलं. आत लसी नव्हत्या. लहान मुलांची चित्रांची पुस्तकं होती, काठोकाठ भरलेली.

प्रमिलाताईंची आणि माझी ओळख ही अशी झाली. पोलादपूर तालुक्यातल्या डोंगरवाड्यांवर त्यांनी आरोग्यसेविका म्हणून सगळी नोकरी काढली. वाड्यावाड्यांवर त्यांचं नाव सिस्टरबाई. निवृत्त होताना बाद झालेला तो डबा त्यांनी मागून घेतला होता. "पावसात पुस्तकं भिजत नाहीत," त्या म्हणायच्या, "आणि आधी पोरं डबा बघून पळायची, आता डबा बघून धावत येतात. एवढी बढती मला खात्यानं कधी दिली नाही."

पुस्तकांचं वेड लागलं तेही त्या लसींमुळेच. टोचून घ्यायला भोकाड पसरणाऱ्या एका पोरापुढे त्यांनी आपल्या मुलीसाठी घेतलेलं चित्रांचं पुस्तक उघडून धरलं, आणि ते पोर तोंड उघडं टाकून गप्प झालं. तेव्हापासून प्रत्येक वाडीवर सुईच्या आधी पुस्तक निघायचं. पुढे एकदा डोंगरावरच्या कुडपण गावात एका मुलीनं पुस्तकातल्या आजीवर बोट ठेवलं. ती आजी सोफ्यावर बसून लोकरीचं काहीतरी विणत होती.

"ही कोनाची आजी?" मुलीनं विचारलं.

"असेल कोणाची तरी."

"हिला काय काम नाय?"

हा किस्सा सांगताना प्रमिलाताई दर वेळी टाळी द्यायच्या. "सर, त्या दिवशी मी ठरवलं, काम असलेली आजी लिहायची. कोणी लिहीत नसेल तर आपण लिहायची."

आणि त्या लिहू लागल्या. पोलादपूरच्या एसटी स्टँडमागे त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. यजमान लवकर गेलेले, मुलगी डोंबिवलीला. पहाटे पाचला उठून, कोरा चहा घेऊन त्या खिडकीशी बसत आणि सातपर्यंत उठत नसत. जुन्या रद्दी रजिस्टरांच्या पाठकोऱ्या बाजूंवर लिहिलेलं असायचं. बाहेरच्या खोलीत कपड्यांची दोरी होती, पण तिच्यावर कपडे कमी आणि चिमटे लावलेले कागद जास्त. एक कागद म्हणजे पुस्तकाचं एक पान. त्या दोरीखालून चालत चालत त्या मोठ्यानं वाचत. एखाद्या पानाशी जीभ अडखळली की चिमटा काढत, शब्द खोडत आणि कागद पुन्हा टांगत. शेवटी सगळे कागद दुमडून सुईदोऱ्यानं शिवत. टाके असे एकसारखे, की हात नर्सचा आहे हे कोणीही ओळखावं.

त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं, "डोस जास्त झाला." लिहिलेलं लांबलं की डोस जास्त झाला, चित्रात रंग फार झाले की डोस जास्त झाला. माझ्यासमोरच त्यांनी म्हशीच्या गोष्टीचं पहिलं वाक्य कापलं होतं. आधी ते असं होतं, "काळीकुट्ट, धष्टपुष्ट काळी म्हैस अंगणात ऐसपैस पसरून बसली होती." तासाभरानं उरलं, "काळी बसली होती."

"एवढंच?" मी विचारलं.

"काळीकुट्ट आणि धष्टपुष्ट आहे ते तुम्ही दाखवणार ना? मग मी कशाला बोलू? आपण दोघांनीच सगळं सांगून टाकलं तर पोरांनी काय करायचं, जांभया द्यायच्या?"

गोष्ट साधी होती. एका सकाळी काळी म्हैस अंगणातून उठतच नाही. घरातले ओढतात, शेजारी ढकलतात, कोणी गवत दाखवतं, कोणी गाणं म्हणतं. अख्खी वाडी जमते. काळी काही उठत नाही. सगळे दमून आपापल्या कामाला निघून जातात, आणि मग ती स्वतःच, सावकाश उठते. संपली गोष्ट. मी चौदा चित्रं काढायची होती. शाळा, घर, परीक्षांचे पेपर हे सगळं सांभाळून मला त्याला दोन वर्षं लागली. दर महिन्याला प्रमिलाताई एसटीनं महाडला येत, आमच्या घरी जेवत आणि चित्रं पाहून जात. पाहायच्या मात्र अगदी जमिनीवर मांडी घालून, चित्र नाकाशी धरून. "पोरं अशीच बघतात," म्हणायच्या. "भिंतीवर टांगलेलं चित्र मोठ्यांचं."

चौदावं चित्र संपलं त्याच पावसाळ्यात सावित्री नदीला पूर आला. आम्हा महाडकरांना पुराची सवय आहे. पाणी पायरीला लागलं की आम्ही गाद्या उचलून वर टाकतो आणि चहा ठेवतो. मीही चित्रांची फाइल कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवली आणि निर्धास्त झालो. त्या दिवशी दुपारी आम्ही वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे गेलो, आणि तिथल्या जिन्यात उभं राहून मी आमच्या दाराची चौकट पाण्याखाली जाताना पाहिली. दुसऱ्या दिवशी खाली उतरलो तेव्हा कपाट आडवं पडलं होतं आणि फाइल गाळात होती. चित्रं स्कॅन करायला पुण्याला न्यायची होती. पुढच्याच आठवड्यात जायचं ठरलं होतं.

प्रमिलाताईंना हे कसं सांगायचं, याचीच मला गाळापेक्षा जास्त धास्ती होती. फोन बंद होते, ते मला बरंच वाटत होतं. रस्ता सुरू झाला त्या दिवशी त्या स्वतःच दारात हजर. पायात गमबूट, हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी. मी तोंड उघडणार इतक्यात म्हणाल्या, "आधी पाय दाखवा." मला आणि नंदाला, म्हणजे माझ्या पत्नीला, खुर्चीवर बसवून त्यांनी आमचे तळपाय धुतले, कुठं कापलंय का ते पाहिलं, माझ्या टाचेची जखम साफ करून बांधली. "हे पाणी घाणेरडं असतं. जखम दिसली की दवाखाना गाठायचा, आज-उद्या करायचं नाही." मग गल्लीतल्या चार घरांत जाऊन तेच सांगून आल्या. त्यानंतर विचारलं, "चित्रं?"

मी फाइल पुढे केली. कागद एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा झाला होता. त्यांनी नखानं एकेक कागद सोडवून पाहिला. सगळा चिखलच होता. एका ठिकाणी शिंगाचा तुकडा तेवढा ओळखू येत होता. तो तुकडा त्यांनी पदराच्या टोकानं पुसला. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "खरं सांगू का सर? तुमची म्हैस मला पहिल्यापासून पटली नव्हती."

"म्हणजे?"

"ती घोड्यासारखी उठते. पुढचे पाय आधी. म्हैस आधी मागून उठते, मग पुढून. दोन वर्षं सांगेन सांगेन म्हणत होते, पण तुम्ही इतक्या मेहनतीनं काढलेलं, जीभच रेटेना. नदीनं सांगितलं."

पूर आल्यापासून मी पहिल्यांदा हसलो तो तेव्हा. रात्री नंदानं मला सांगितलं की फडकं धुवायला म्हणून प्रमिलाताई मागल्या दारी गेल्या, तेव्हा भिंतीला टेकून पदरात तोंड घालून रडत होत्या. नंदाला पाहिल्यावर डोळे पुसून म्हणाल्या, "सरांना बोलू नका. त्यांना परत काढायचंय."

दिवाळीच्या सुट्टीत त्या मला कुडपणला घेऊन गेल्या. मी जन्मभर महाडचा, पण पोलादपूरच्या घाटातून वर त्या सड्यावर, डोंगरमाथ्याच्या पठारावर, कधी गेलो नव्हतो. सगुणाबाई म्हणून त्यांच्या ओळखीच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांची दोन्ही मुलं मुंबईला, घरी सून, नात आणि दोन म्हशी. सगुणाबाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"ह्यो कोन गो शिस्टर?"

"चित्रं काढतात. तुझ्या म्हशीचं चित्र काढायला आलेत."

"चित्र कशाला? म्हस हितंच हाय की."

मी चार दिवस तिथं राहिलो. म्हैस उठायची वेळ झाली की कागद लावलेली पाटी घेऊन उकिडवा बसायचो. मोठी म्हैस फार सावकाश उठे, मागचा भाग वर, मग जरा थांबणं, एक लांब सुस्कारा, आणि मग पुढचे गुडघे. मी जे दिसलं ते काढत गेलो. सगुणाबाईंची सहा वर्षांची नात सायली माझी परीक्षक होती. "ही आमची म्हस नाय," ती पहिल्याच चित्राला म्हणाली. का, तर त्यांच्या म्हशीचं एक शिंग खाली वळलेलं. ते दुरुस्त केल्यावर म्हणाली, "आता हाय. पन शेपूट माशा मारतच नाय." प्रमिलाताई नाचणीची भाकरी मोडत ओट्यावर बसून ऐकत होत्या. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर पुस्तक छापून आल्यावरही पाहिला नाही.

चित्रं या वेळी आठ महिन्यांत झाली. मग अडलं ते प्रकाशकाकडे. पुण्याचे ते गृहस्थ सज्जन होते, चित्रं त्यांना आवडली होती, पण शेवटच्या पानावर एक ओळ हवी होती. "ताई, बोध काय? आळस करू नये, असं काहीतरी घाला. पालक विचारतात."

फोनवर प्रमिलाताईंचा आवाज चढलेला मी तेव्हाच ऐकला. "माझी म्हैस आळशी नाही! तिला उठायचं नव्हतं, एवढंच."

"पण का उठायचं नव्हतं?"

यावर त्यांनी फोनच ठेवून दिला. ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी पकडून त्या पुण्याला गेल्या, मलाही ओढून नेलं. प्रकाशकांच्या टेबलावर त्यांनी शिवलेली प्रत ठेवली आणि म्हणाल्या, "मी वाचते, पानं तुम्ही उलटा." ते गृहस्थ पानं उलटू लागले. म्हशीला गाणं म्हणून दाखवतात त्या पानाशी ते हसले. पुढचं पान त्यांनी ओळ पूर्ण होण्याआधीच उलटलं. गोष्ट संपली तेव्हा प्रमिलाताई म्हणाल्या, "मी आयुष्यभर पोरांना टोचत आले. आता पुस्तकातून नाही टोचणार. तुम्हाला नको असेल तर मी परत नेते, राग नाही." त्यांनी प्रत उचललीसुद्धा होती. प्रकाशकांनी ती त्यांच्या हातातून हळूच काढून घेतली. "राहू दे बोध," ते म्हणाले.

पुस्तक आलं त्या आठवड्यात आम्ही पुन्हा कुडपणला गेलो. शाळेत प्रमिलाताईंनी ते वाचलं. पोरं आधी लांब बसली होती, चौथ्या पानापर्यंत त्यांच्या मांडीवर चढली होती. नंतर आम्ही सगुणाबाईंकडे गेलो. त्यांना अक्षरओळख नव्हती. प्रमिलाताई वाचून दाखवणार होत्या, पण म्हातारीनं पुस्तक त्यांच्या हातातून घेतलं, पदराला हात पुसले आणि पहिलं पान उघडलं.

"ही माझी काळी," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच सांगू लागल्या. प्रत्येक पानावर बोट फिरवत, न थांबता. कोण ओढतंय, कोण उगाच मधे लुडबुडतंय, सगळ्यांना वाडीतली नावं मिळाली. सून चूल सोडून दारात येऊन उभी राहिली. पाचव्या पानावर सगुणाबाई थांबल्या.

"येडी हायत समदी. ती कशी उठंल? गाभन हाय ती."

प्रमिलाताई एकदम पुढे सरकल्या. "तुला कसं कळलं गो?"

"पोट बघ ना. हितं बघ, हितं. तवा ती गाभनच होती. जड झाली होती, म्हनून उठाया नको व्हायचं." माझ्याकडे मान वळवून त्या म्हणाल्या, "ह्यांनी बराबर काढलंय."

मी काहीच बरोबर काढलं नव्हतं. मला म्हशीच्या पोटातलं काय कळणार? जसं दिसलं तसं पोट मी काढलं होतं. लिहिणाऱ्या बाईंना ठाऊक नव्हतं, काढणाऱ्याला ठाऊक नव्हतं, आणि चौदा चित्रांत ते सगळ्यांसमोर पडलेलं होतं. प्रमिलाताईंनी पुस्तक आपल्याकडे ओढून एकेक पान पुन्हा पाहिलं. त्यांना हसू फुटलं, ते थांबेचना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "अगो बाई, मी स्वतः आई आहे, जन्मभर बाळंतपणं केली," त्या म्हणाल्या, "आणि माझ्याच गोष्टीतली गाभण मला ओळखू आली नाही!"

सगुणाबाईंना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. त्यांनी पुस्तक परत घेऊन उरलेली पानं पाहिली आणि शेवटचं पान उलटलं. मागे नुसतं कोरं पुठ्ठ्याचं मलपृष्ठ होतं. त्यांनी ते वर-खाली करून पाहिलं.

"आन् पारडू कुठं हाय?"

"पारडू अजून लिहिलं नाही," प्रमिलाताई म्हणाल्या.

"मंग लिव की. हसत काय बसलीस?"

पोलादपूरला परतणारी जीप तासाभरानं आली. मी पिशवी घेऊन बसलो. प्रमिलाताई आल्या नाहीत. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती, गुडघे दुखायचे, आणि मुलगी डोंबिवलीहून रोज फोन करून विचारायची की आई, आता तरी येतेस का. त्या सगुणाबाईंच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर रजिस्टर, शेजारी सायली. पारडू जन्मलं तेव्हा आधी काय केलं, हे सायली त्यांना सांगत होती आणि त्या लिहून घेत होत्या. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला तेव्हा त्यांनी मान वर न करताच हात हलवला. मी एकटाच घाट उतरलो. त्या आठ दिवस वरच राहिल्या.